शस्त्रक्रियेनंतरचा कान आणि एमआरआय

मुलाचा कान सतत वाहतो, घाण वास येतो, ऐकू कमी येतं. यामागे कधी कधी कोलेस्टिॲटोमा असतो. नाव भारदस्त, पण हा कर्करोग नव्हे. पडद्यामागे शिरलेली त्वचा तिथेच वाढते, तिच्या मृत पेशी साठतात आणि ऐकण्याची नाजूक हाडं पोखरली जातात. उपाय शस्त्रक्रियाच. मात्र कणभर त्वचा मागे राहिली तरी गाठ पुन्हा वाढते. मुलांमध्ये हे मोठ्यांपेक्षा जास्त घडतं. म्हणून पूर्वी साधारण वर्षभरानं कान पुन्हा उघडून पाहत. आत काहीच नसलं, तरी भूल आणि टाके काही चुकत नसत!

आता अनेक ठिकाणी आधी डिफ्यूजन प्रकारचा एमआरआय करतात. साठलेल्या मृत पेशींत पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते आणि ती जागा पांढरी चमकते. सीटी स्कॅनवर गाठ आणि साधा व्रण यांत फरक करणं अवघड. शिवाय त्यात क्ष-किरण असतात. पण एमआरआयमध्येही सुमारे ३ मिलिमीटरहून लहान गाठ निसटू शकते. त्यामुळे एक स्कॅन स्वच्छ आला म्हणून थांबू नका; काही वर्षं तपासणी चालूच ठेवावी लागते. यंत्राचा खडखडाट मोठा, चिमुरडी हलतात. काहींना भूल द्यावी लागते. मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर आधीच सांगा. त्यात चुंबक असतो.