मणका ‘कट्’ वाजला, पुढं काय?

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, आत्ता चहाच्या सुट्टीत तुमच्यातल्या चौघीजणी कंबरेवर हात ठेवून उठल्या. माझं लक्ष गेलं, कारण तीन वर्षांपूर्वी मीही तशीच उठायची.

एस.टी.तून उतरताना पाय घसरला. कंबरेतून निघालेली कळ मांडी, पोटरी करत डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. सासूबाई म्हणाल्या, उसण भरली असेल. गल्लीतल्या पायाळू बाईनं येऊन पाठीला पाय लावला. साधी उसण असती तर चार दिवसांत उतरली असती. पण पुढं पुढं चालताना चप्पल पायातून निसटून जायची आणि मला कळायचंही नाही. तेव्हा कुणीतरी शहरातल्या एका कायरोप्रॅक्टिकवाल्यांकडे जायला सुचवलं.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी तो सुरू केला. एका बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका आपण बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं ते सांगत. मणके सरकतात, नसा दाबल्या जातात आणि जवळजवळ सगळे रोग त्यातूनच होतात, हा त्यांचा सिद्धान्त. विज्ञानाच्या कसोटीवर तो टिकला नाही. कंबरदुखीत मात्र मणक्यांना हातानं असा हिसका दिल्यानं काहींना थोडा आराम पडतो. साधारण व्यायामानं पडतो तेवढाच. आणि तो ‘कट्’ आवाज? सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, त्याचा. आपण कुणाच्या नावानं बोटं मोडतो तेव्हा येतो, तोच! हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.

त्या ‘कट्’नंतर मला दोन रात्री झोप लागली, खोटं कशाला बोलू? मग २० बैठका ठरल्या, पैसे आगाऊ. दर वेळी “नस मोकळी झाली” म्हणायचे. पावलात ताकद आहे का, हे एकदाही पाहिलं नाही.

नस म्हणजे काही नळ नव्हे, बोळा काढला की धो धो वाहायला. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली की आधी तिच्यावरचं वेष्टण बिघडतं. दाब कमी झाला तर ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतं. सरकलेली गादीही पुष्कळ जणींची आपोआप आक्रसते. पण आतला तंतूच तुटला तर तो नव्यानं वाढावा लागतो, आणि वाढतो दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. आता कंबरेपासून अंगठ्यापर्यंत किती इंच होतात, ते घरी जाऊन मोजा.

हा हिशेब मला सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितला. अंथरूण धरू नका, रोज थोडं चाला, पावलाचा व्यायाम करा आणि हंडा उचलू नका, म्हणाल्या. पहिल्या तिन्ही गोष्टी फुकट होत्या. चौथीवरून घरात भांडण झालं. शेवटी नवरा पाणी भरू लागला, तर गल्लीतले लोक हसले. त्यातही बायकाच जास्त. पायात मुंग्या येऊ लागल्या तेव्हा मी घाबरले. ताई म्हणाल्या, नस जागी होताना पुष्कळदा असं होतं. चप्पल पायात टिकायला ११ महिने लागले. थंडीत अंगठ्याचं टोक अजून बधिर पडतं.

हे सगळं सावकाश चालतं. पण एका गोष्टीत तासांचा हिशेब असतो, आणि मी मुख्यतः तीच सांगायला आले आहे. कंबरदुखीबरोबर लघवी तुंबली, किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, योनीभोवती किंवा गुदद्वाराभोवती स्पर्श कळेनासा झाला, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर मालीश नको, हिसका नको, उद्याची वाट नको. थेट मोठं इस्पितळ गाठायचं. तिथं तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागू शकते. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

आणि बाई नेमकं हेच लपवते. “कंबर दुखते” एवढंच सांगते. समोरचाही पुढं विचारत नाही. मलाही त्या २० बैठकांत कुणी विचारलं नव्हतं.

पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या पाठीला असे हिसके देऊ देऊ नका. मणका मोडू शकतो. मानेला तर अजिबात नको. क्वचितच, पण तिथली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत.

आता जोडीजोडीनं समोरासमोर बसा. लघवी होते का? शौचाचं कळतं का? खाली स्पर्श कळतो का? दोन्ही पायांत ताकद आहे का? हे चार प्रश्न एकमेकींना मोठ्यानं विचारायचे. हसू येईल, येऊ द्या. मागच्या रांगेतल्या दोघींपासून सुरुवात करू.