शाळेतील एक जेवण आणि घरातील उरलेली ताटे

(विश्वस्त मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)





कुपोषण म्हटले की पाच वर्षांखालील बालक डोळ्यांसमोर येते. परंतु बालक शाळेत गेले म्हणजे प्रश्न सुटत नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयोगटातील सुमारे २२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, तर सुमारे २३ टक्के मुले कृश होती.

शाळेत तर आहार मिळतो, मग असे का? १९९५ साली सुरू झालेल्या आणि आज ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत प्राथमिक वर्गातील मुलाला रोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित आहे. आठ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १७०० उष्मांकांची असते. म्हणजे शाळेचे जेवण पूर्ण मिळाले तरी तीन चतुर्थांश भार घरावरच राहतो. शिवाय शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचे किमान कामकाजाचे दिवस २०० आहेत. उरलेल्या दिवसांचे काय?

म्हणून घराकडे पाहावे लागते. आई पहाटे उठून पाणी भरते, भाकऱ्या थापते आणि मजुरीला जाते. मूल कोऱ्या चहाबरोबर बिस्किटे खाऊन शाळेत येते. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला भरवून उरलेले खाते. घरात डाळ शिजते, पण पाणीच अधिक असते. आई सर्वांत शेवटी जेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा मातेच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मते आणि ती उणीव शाळेच्या वयापर्यंत त्याच्या सोबत येते. पिण्याचे उघडे पाणी, शौचानंतर साबणाचा अभाव आणि पोटातील जंत यांमुळे खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही.

बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबांत याहून कठीण स्थिती असते. मुकादमाकडून उचल घेतलेले पती-पत्नी, म्हणजे एक ‘कोयता’, दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि कित्येक महिन्यांनी परततात. मूल बरोबर गेले तर शाळा आणि शाळेतील जेवण दोन्ही सुटते. गावी राहिले तर थकलेल्या आजी-आजोबांवर त्याचा भार पडतो. या घरांत अज्ञानापेक्षा वेळेची आणि माणसाची उणीव मोठी असते. आईला केवळ उपदेश करून ती भरून निघणार नाही.

रुग्णालयात आपण ताप उतरवतो, जुलाब थांबवतो आणि टॉनिकची बाटली देतो. मूल मात्र त्याच घरी परतते. यासाठी माझी तीन नम्र निवेदने आहेत. पहिले, दर सहा महिन्यांनी शाळेत वजन व उंची मोजून त्यांची नोंद पालकांच्या हाती द्यावी. दुसरे, ज्याचे वजन वाढत नाही त्याच्या घरी आरोग्यसेविकेने जावे. सल्ला देताना बाप आणि आजीलाही बसवावे. घट्ट वरण, चमचाभर तेल, शेंगदाणा-गुळाचा लाडू, शेवग्याची भाजी, जमेल तेथे अंडे, जेवणात लिंबू आणि जेवणाबरोबर चहा टाळणे, एवढे बहुतेक घरांना झेपते. तिसरे, वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी चुकू नये आणि स्थलांतरित मुलांची यादी कुटुंबे निघण्यापूर्वीच तयार व्हावी.

देणगीदारांना विनंती अशी की, औषधांच्या आणि यंत्रांच्या बरोबरीने आरोग्यसेविकेच्या मानधनासाठी व प्रवासखर्चासाठीही हात पुढे करावा. या खर्चाची कोनशिला बसत नाही, त्याचे छायाचित्रही निघत नाही. परंतु वजनाच्या तक्त्यावरील रेषा वर जाते, ती बहुधा अशाच खर्चातून.