रेघ हलवली तर काय बिघडेल?



व्याख्यानाचा विषय जाहीर झाला त्या दिवशी आमच्या कॅम्प पाचमधील एका कटिंग मास्तरांनी मला रस्त्यात गाठले. "सर, नुसत्या रेघांवर तुम्ही बोलणार तरी काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. एके काळी अशा चित्रांपुढे मीही हसून पुढे गेलेला माणूस आहे.

मी पिशवीतून पुस्तक काढून नसरीन मोहमदी यांचे एक लहानसे रेखाचित्र त्यांच्यापुढे धरले. शाई आणि पेन्सिल. आडव्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या काही तिरप्या. झाड नाही, माणूस नाही; खाली नाव नाही, सालही नाही. त्यांच्या बहुतेक चित्रांचे असेच आहे. मास्तर बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "वर दाट आहेत, खाली विरळ. आणि ही रेघ इथेच थांबवली ते बरे केले. पुढे नेली असती तर बिघडले असते."

सभ्य गृहस्थहो, माझे व्याख्यान मास्तरांनी तिथेच उरकले!

अशा चित्रापुढे आपण विचारतो, 'हे कशाचे चित्र आहे?' उत्तर मिळत नाही, म्हणून एकतर आपण स्वतःला अडाणी ठरवतो, नाहीतर चित्रकाराला लबाड. दोन्ही चूक. विचारावयाचे ते एवढेच की, ही रेघ हलवली तर काय बिघडेल? कागदाची एक पट्टी घ्या आणि चित्रातील एक रेघ झाका. काहीच बिघडले नाही तर चित्र कच्चे. पण सारा तोल एका अंगाला कलला, तर समजा की चित्र तुम्हाला कळू लागले.

ही वाट नसरीनबाईंनी एकट्याने पाडलेली नव्हे. १९१५ साली रशियात मालेविच यांनी पांढऱ्यावर एक काळा चौकोन मांडला. त्यांना चित्र वस्तूंच्या ओझ्यातून सोडवावयाचे होते. हॉलंडचे मोंद्रियान उभ्या-आडव्या रेघांतून विषम भागांचा तोल साधत राहिले. आणि भूमिती आपल्यालाही परकी नाही. १०६० सालचे अंबरनाथचे शिवालय इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे मूर्ती ओळखू येण्याआधी आपली नजर भिंतीच्या पुढे-मागे सरकणाऱ्या कोनांवरून फिरू लागते, हे आपण अनुभवले असेल.

नसरीनबाईंचा जन्म १९३७ चा, कराचीचा. हे ऐकताच इथल्या वडीलधाऱ्यांचे कान टवकारतील, हे मी जाणतो. पण त्यांचे कुटुंब फाळणीपूर्वीच मुंबईस आले होते. तेव्हा त्यांच्या रेघांत सरहद्दीचे कुंपण शोधू नये. लंडन आणि पॅरिस येथे त्यांचे शिक्षण झाले. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्या काम करीत असताना वासुदेव गायतोंडे यांचा सहवास त्यांना लाभला. १९७२ पासून त्यांनी बडोद्यास अध्यापन केले. मागावर ताणलेल्या धाग्यांची, रस्त्यांवरील पट्ट्यांची छायाचित्रे त्या घेत; मात्र हयातीत त्यांनी ती प्रदर्शनात मांडली नाहीत. रंग सुटला, कॅनव्हास सुटला. उरली रेघ आणि रिकामी जागा.

अखेरच्या वर्षांत त्यांना आजाराने गाठले. हाताच्या हालचालींवरचा ताबा सुटू लागला. १९९० साली अलिबागजवळ किहीम येथे त्या वारल्या. त्या काळातही त्या काटेकोर रेघ आखीत होत्या. पण ही हकीकत मी मुद्दाम शेवटी सांगितली. आधी सांगितली असती तर आपण चित्र पाहिले नसते, कणव केली असती. चित्राला चरित्राची कुबडी देऊ नये. रेघ आधी रेघ म्हणून उभी राहिली पाहिजे. ती ओढणाऱ्या हाताची गोष्ट मग ऐकावी.

मास्तरांनी जाता जाता मला पेचात टाकले. "मग आमचे कापडावरचे खडूचे मार्किंगही चित्रच का?" मी म्हटले, "नाही. तुमची रेघ पँटीची चाकरी करते. कात्री फिरली की तिचे काम संपते. ही रेघ कुणाची चाकर नाही, म्हणून ती तशीच राहते." ते म्हणाले, "पण चुकली तर वाया दोघांचेही जाते." एकावर एक अंथरलेले कापडाचे थर एका चुकीच्या रेघेने फुकट जातात, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक. शाईची रेघही खोडता येत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच की, असे चित्र समोर आले तर आपल्याला कला कळत नाही असे म्हणून मागे फिरू नका. ज्या गावात इतके हात रोज मापे घेतात आणि रेघा आखतात, त्या गावाने तरी तसे म्हणू नये. कागदाची पट्टी तेवढी जवळ ठेवा.