रद्दीत जाणारी तारीख



वर्तमानपत्र सकाळी वाचायचे, दुपारी त्यावर शेंगा सोलायच्या आणि महिनाअखेर रद्दीच्या तराजूत घालायचे, ही आपली नेहमीची रीत. आज त्या रद्दीबद्दलच थोडे बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी एक वयस्क शेतकरी माझ्याकडे आले. कालव्यासाठी त्यांची जमीन गेली होती आणि मोबदल्याचा दावा चालू होता. म्हणाले, "सर, जमीन तं गेलीच जी, आता तारीखबी गेली!" जाहीर नोटीस छापलेला अंक त्यांना हवा होता. आम्ही एका वाचनालयात गेलो. तेथील जुने गठ्ठे दिवाळीच्या साफसफाईत विकले गेले होते. नागपूरला तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा एका जुन्या संग्रहात तो अंक मिळाला.

एका तारखेसाठी एवढी धावपळ का? कारण बघा. 1894 च्या भूसंपादन कायद्यात 1984 साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे पहिली अधिसूचना राजपत्रात, त्या भागातील दोन दैनिकांत आणि गावात जाहीर करायची. यांपैकी शेवटची तारीख ती खरी तारीख. जमिनीचा बाजारभाव त्या दिवशीचा धरायचा आणि त्या दिवसापासून निवाडा किंवा ताबा, यांपैकी जे आधी होईल तोवर दरसाल 12 टक्के जादा रक्कम द्यायची. म्हणजे वर्तमानपत्राचा एक कोपरा शेतकऱ्याच्या पदरात किती पडेल ते ठरवीत होता! तो कायदा गेला. 1 जानेवारी 2014 पासून नवा आला. पण दोन दैनिकांत नोटीस छापणे त्यातही आहेच. खाणीसाठी जनसुनावणी असो की पत्ता न लागणाऱ्या प्रतिवादीवर कोर्टाचे समन्स असो, तेही वर्तमानपत्रातून जाहीर होते.

कोणी म्हणेल, सरकार जपून ठेवीलच की! राजपत्र सरकार जपते. वर्तमानपत्रांसाठीही 1956 पासून कायदा आहे. त्यांचे अंक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासारख्या ठरावीक ठिकाणी पाठवावे लागतात. पण कोरचीच्या किंवा भामरागडच्या माणसाने कोलकाता गाठायचे कसे? म्हणून प्रत जवळ हवी.

शिक्षक मित्रहो, येथे तुमचे काम आहे. सिरोंच्याकडे घरात तेलुगू, भामरागडकडे माडिया. नोटीस मात्र कचेरीच्या मराठीत. ती वाचून समजावणारे गावात तुम्हीच. मग जपणारेही तुम्हीच व्हा. सगळी रद्दी साठवू नका. तालुक्याची नोटीस असलेले अंक तेवढे ठेवा. कात्रण मात्र कापू नका. वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख असलेले पूर्ण पान नसेल, तर नोटीस कुठची नि केव्हाची हे कोण सांगणार? कोर्ट वर्तमानपत्राचा अंक सहसा अस्सल मानून चालते. मात्र त्याने नोटीस छापली गेली एवढेच दिसते. तिच्यातला मजकूर खरा की खोटा, हा प्रश्न वेगळा.

एक वही घाला. तारीख, दैनिकाचे नाव, पान, गाव, तालुका, गट नंबर आणि विषय, एवढे रकाने पुरेत. जुन्या अंकांबाबत एक ध्यानात ठेवा. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. त्याआधीची नोटीस चंद्रपूरच्या नावाने शोधावी लागेल, आणि त्याहून जुनी असेल तर चांद्याच्या.

आपल्या जंगलातल्या बांबूपासून बल्लारपूरला चांगला लिहायचा कागद झाला; पण वर्तमानपत्राचा कागद हलका. उन्हात तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. म्हणून अंक घडी न घालता आडवे ठेवा. पत्र्याची पेटी विटांवर, भिंतीपासून दूर असावी, म्हणजे ओल आणि वाळवी लागणार नाही. फाटले तर चिकटपट्टी लावू नका. तिचा डाग अक्षरे खातो. मोबाइलवर फोटो जरूर काढा, पण त्यामुळे मूळ अंक विकू नका.

ते आजोबा शेवटी म्हणाले होते, "कागद गावातच असता तं नागपूर कायले पाहिलं असतं?" पुढच्या महिन्यात रद्दीवाला दारात येईल. गठ्ठा त्याच्या हाती देण्याआधी एकदा चाळून पाहा. कोणाची तरी तारीख त्यात असेल.