संकेतांकांची विद्या

रोगी बरा होऊन घरी गेला की डॉक्टरांचे काम संपते. कागदांचे काम मात्र तेथूनच सुरू होते. डॉक्टरांनी लिहिलेले निदान व केलेले उपचार वाचून त्यांना ठरावीक संकेतांक द्यावयाचे, या कामाला मेडिकल कोडिंग म्हणतात. अमेरिकेत विमा कंपन्या रुग्णालयांचे देणे चुकवितात ते या अंकांच्या आधारे. तेथील हे काम हैदराबाद, चेन्नई, पुणे अशा शहरांतील कचेऱ्यांत चालते आणि जीवशास्त्र वा औषधनिर्माणशास्त्र शिकलेले अनेक पदवीधर त्याकडे वळतात.

या विद्येचे मूळ जुने आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियों यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय सूची मांडली. पुढे तिच्यात रोगांचीही भर पडली. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मान्य झाली. तिचेच विस्तारलेले रूप अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आहे.

शिक्षणाचा आरंभ शरीररचनेने होतो. मग येते वैद्यकीय परिभाषा. 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'आयटिस' म्हणजे दाह. दोन्ही जोडले की नेफ्रायटिस. संस्कृत धातू-प्रत्यय घोकलेल्या विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटत नाही. त्यानंतर संकेतांक. ई११ हा मधुमेहाचा दुसरा प्रकार. उपद्रव नसल्यास ई११.९, मूत्रपिंडाचा उपद्रव असल्यास ई११.२ ची शाखा. हाड मोडले असेल, तर डावे की उजवे, उपचार चालू आहेत की पुढची तपासणी, हेही अंकातच सांगावे लागते.

खरी कसोटी पुढेच आहे. बाह्यरुग्ण विभागात खोकल्याचा रोगी आला आणि डॉक्टरांनी 'न्यूमोनियाचा संशय' असे लिहिले, तर नवशिका चटकन न्यूमोनियाचा अंक घालतो. तो चुकतो; तेथे खोकल्याचाच अंक द्यावयाचा. संशयाला निश्चयाचे रूप दिले, तर न झालेला रोग त्या माणसाच्या नोंदीत राहतो. उलट, रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याला घरी पाठवितानाही तोच संशय कायम असेल, तर तो रोग आहे असे धरून अंक देण्याचा नियम आहे. हा विवेक केवळ पाठांतराने येत नाही. आणि जास्त पैसे मिळावेत म्हणून जाणूनबुजून चढा अंक लावणे हा तर अपराधच. सरकारकडे खोटी मागणी करण्याविरुद्ध अमेरिकेत १८६३ पासून कायदा आहे.

ए.ए.पी.सी. या अमेरिकन संस्थेच्या 'सी.पी.सी.' परीक्षेत चार तासांत शंभर प्रश्न सोडवावयाचे असतात आणि उत्तीर्ण होण्यास सत्तर टक्के गुण लागतात. संकेतांकांची पुस्तके जवळ ठेवण्यास मुभा असते, पण पाने चाळण्यात वेळ गेला तर पेपर पुरा होत नाही. उत्तीर्ण झालेल्यालाही अनुभव नसेल, तर त्याच्या पदवीपुढे उमेदवारीची खूण राहते. म्हणून नोकरीची हमी देणाऱ्या वर्गांत फी भरण्यापूर्वी पालकांनी शिक्षक कोण, रोग्यांच्या कागदांचा सराव किती, हे विचारून घ्यावे. आता संगणकही अंक सुचवितो. तो बरोबर आहे की नाही हे ठरविण्यास मात्र कागद नीट वाचणारा माणूस लागतो. शिक्षण घ्यावयाचे ते या वाचनाचे.