कोशात नाव कोणाचे?

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



गेल्या वर्षी एक पालक माझ्याकडे आले. देवनारला राहणारे, शिलाईच्या कारखान्यात काम करणारे गृहस्थ. एका प्रेरणादायी वक्त्याच्या शिबिरात मुलाला घालायचे होते; फी पंधरा हजार. म्हणाले, "सर, पैसे उसने काढीन. पण माणूस मोठा आहे ना? मुलगा सांगतो, त्यांचे नाव विकिपीडियावर येणार आहे."

हा प्रश्न मी नववीच्या वर्गापुढे ठेवला. वर्गाने न्यायाधीश व्हायचे आणि ठरवायचे, या वक्त्यावर नोंद असावी की नसावी.

विकिपीडिया हा इंटरनेटवरील ज्ञानकोश 2001 साली इंग्रजीत सुरू झाला. मराठीत 2003 साली. तेथे कोणीही लिहू शकतो. म्हणूनच एखादी नोंद ठेवावी की काढावी, यावर उघड चर्चा होते. निकाल मते मोजून लागत नाही, कारणे तोलून लागतो. मुख्य कसोटी अशी: ज्यांचा त्या व्यक्तीशी हितसंबंध नाही, अशा विश्वसनीय लेखकांनी तिच्याविषयी सविस्तर लिहिले आहे काय?

मुलांनी पुराव्यांचा ढीग आणला. वक्त्याचे स्वतःचे संकेतस्थळ, स्वखर्चाने छापलेले पुस्तक, पुढाऱ्यांसोबतचे फोटो, व्हिडिओ पाहणाऱ्यांचे लाखांतले आकडे. एकेक कागद आम्ही तपासला. "हे कोणी लिहिले? त्यात त्याचा फायदा काय?" एवढेच विचारायचे. शेवटी उरली एका समारंभाच्या बातमीतील एक ओळ. वर्गाने निकाल दिला: तूर्त नोंद नको.

तेव्हा एक मुलगी उठली. "सर, माझा भाऊ शाळा सोडून बसला होता. यांचे भाषण ऐकून परत आला. मग ते मोठे नाहीत का?"

प्रश्न खरा होता. मी म्हणालो, "बेटा, असतील. पण कोश मोठेपणा मोजत नाही. दुसऱ्याला तपासता येईल तेवढेच लिहितो." डोना स्ट्रिकलँड या शास्त्रज्ञ बाईंवरील लेख पुरेशा संदर्भांअभावी मे 2018 मध्ये विकिपीडियावर नाकारला गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. नोंद नाही म्हणून माणूस लहान ठरत नाही.

आता आपल्या जवळचे उदाहरण पाहा. सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी फातिमा शेख यांच्याविषयी 2025 च्या जानेवारीत दावा झाला की अशी स्त्री झालीच नाही. आपल्यापैकी पुष्कळांना राग आला. पण रागाने काय सिद्ध होते? सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात 10 ऑक्टोबर 1856 चे, नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र छापले आहे. त्यात फातिमाचे नाव आहे. आपल्यामागे तिच्यावर कामाचा भार पडला असेल, ही काळजी आहे. वादात उपयोगी पडला तो हा कागद. त्यात जन्मतारीख नाही. म्हणून पत्राच्या आधारे जन्मतारीख सांगू नये. जेवढा पुरावा, तेवढेच विधान.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. हदीसच्या विद्वानांनी एकेका निवेदकाची चौकशी केली. 'अस्माउर्रिजाल' या शास्त्राच्या ग्रंथांत विश्वासू कोण आणि कच्चा कोण, दोन्ही लिहून ठेवले. तेथे नाव असणे हे बक्षीस नव्हते, ती तपासणी होती.

त्या पालकांना मी इतकेच सुचवले की गेल्या वर्षी शिबिर केलेल्या दोन मुलांशी गाठ घालून द्या, असे आयोजकांना सांगा. त्यांनी विचारले. उत्तर आले नाही. त्यांनी पैसे उसने काढले नाहीत. मुलगा आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला येतो.

वाचकहो, शेवटी एक विनंती. आपल्या वस्तीत घरोघर जाऊन मुलींना शाळेत आणणाऱ्या बाया आहेत, रात्री फुकट शिकवणारे तरुण आहेत. त्यांच्यावर कोणी भाषणे देत नाही. त्यांची नावे, तारखा, कामे आजच लिहून ठेवा, कागद जपा. उद्या कोणी म्हणाले की अशी माणसे झालीच नाहीत, तर आपल्या हाती निदान एक पत्र असावे.