आधी तपासतो तो डॉक्टर

(उरण येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही आता वाचायला शिकलात. एसटीची पाटी वाचता, रेशनचा हिशेब वाचता, मोबाइलवर आलेला निरोपही वाचता. फार आनंदाची गोष्ट आहे. पण वाचता येणाऱ्यावर एक नवे काम येऊन पडते. समोर आलेले खरे की खोटे, हे पारखण्याचे काम. आज त्याबद्दल दोन शब्द सांगतो.

समजा, करंज्याला एक मावशी आहे. पहाटे बंदरावर जाते, मासळी घेते, बाजारात विकते. तिच्या घरधन्याला मधुमेह आहे. रोजची गोळी, रोजचे पथ्य. मावशी कंटाळून गेली आहे. एका रात्री मोबाइलवर एक नावाजलेले डॉक्टर दिसतात. म्हणतात, "हे चूर्ण घ्या. १५ दिवसांत साखर मुळापासून जाईल. गोळ्या फेकून द्या."

मावशी म्हणते, "अगो बाय! एवढा मोठा डॉक्टर खोटं कशाला बोलंल?"

मंडळी, तो डॉक्टर खोटे बोलला नाही. तो बोललाच नाही!

पूर्वी गावात बहुरूपी येई. फौजदाराचा वेश घेई, घटकाभर हसवी, धान्य-पैसा घेऊन जाई. आता संगणकाच्या साहाय्याने असेच सोंग रचतात. खऱ्या माणसाचा चेहरा घेतात, आवाज घेतात आणि त्याच्या तोंडी हवे ते शब्द घालतात. हा बहुरूपी मात्र हसवीत नाही, लुबाडतो.

आपल्या सचिन तेंडुलकरांचे असेच झाले. जानेवारी २०२४ मध्ये ते एका मोबाइल-खेळाची जाहिरात करताना दिसले. ती चित्रफीत बनावट आहे, असे त्यांनाच लोकांना सांगावे लागले. हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. नरेश त्रेहान यांच्याही चेहऱ्याच्या खोट्या चित्रफिती निघाल्या. त्या काढून टाका, असा हुकूम २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. एवढ्या मोठ्यांचे सोंग घेतात, तिथे तुम्हा-आम्हाला चकवणे काय अवघड?

पुढे काय होते पाहा. मावशी आपला नंबर देते. लगेच फोन येतो. "मी वैद्य बोलतो," समोरचा म्हणतो. तो नाडी बघत नाही, रक्त बघत नाही. आधी पैसे मागतो. पुडा घरी येतो. गुण येत नाही. मग म्हणतो, "आजार खोल गेलाय. दुसरा पुडा घ्यावा लागेल." कधी मोबाइलवर आलेले आकडे विचारतो आणि बँकेतले पैसे काढून घेतो.

पैसे गेले तर कष्टाने पुन्हा मिळतील. मोठा धोका वेगळाच आहे. घरधन्याने गोळी बंद केली. मधुमेहात कधी कधी पायाची जाण कमी होते. कालवाच्या धारेने पाय कापला तरी कळत नाही. साखर वाढलेली असली की जखम चिघळते. प्रसंगी पाय कापावा लागतो. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने ते एकाएकी सोडले, तर जिवावरही बेतते.

मधुमेह काबूत ठेवता येतो. वजन उतरले, पथ्य पाळले, तर कुणाच्या गोळ्या कमीही होतात. पण ते डॉक्टर रक्त तपासून ठरवतो. मोबाइल नाही.

ही फसवणूक नवी नाही. पूर्वी वर्तमानपत्रांत अशा जाहिराती येत. म्हणून १९५४ साली कायदा झाला. मधुमेह, कर्करोग अशा अनेक रोगांवर हमखास इलाजाची जाहिरात करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा जो असा डांगोरा पिटतो, तो मुळातच कायदा मोडतो.

पुडा हातात आला तर वाचा. आता तुम्हाला वाचता येते! काही पुड्यांवर १४ आकड्यांचा खाद्यपदार्थाचा परवाना असतो. तो परवाना खाण्याच्या वस्तूचा. त्याने ती वस्तू औषध होत नाही.

मग करायचे काय? चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : चालू औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका.

दुसरी : मोबाइलवरच्या डॉक्टरवर विसंबू नका. आपल्या आशाताईला विचारा, ग्रामीण रुग्णालयात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत.

तिसरी : मोबाइलवर आलेले गुप्त आकडे कुणाला सांगू नका.

चौथी : फसलात तर लाजू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त. हा आकडा आपल्या तालुक्याला पाठ असायला हवा. चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला ते साल १९३०च!

आणि मावशीला कुणी हसू नका. ती लोभाने फसली नाही, घरधन्याच्या मायेने फसली. तिला हसाल, तर पुढची मावशी फसून गप्प बसेल. ठगाला तेच हवे असते.

जाता जाता एक खूण सांगतो. खरा डॉक्टर आधी तपासतो. ठग आधी पैसे मागतो. आज घरी गेल्यावर ही खूण शेजारणीला सांगा.